ट्रेडमिल १६९ ला थांबवली, शेरा ‘फिट’: ८०० मीटरच्या धावपटूला शर्यतीला सोडायचं का?

धावपट्टी_फिजिओ

२१ वर्षांचा ८०० मीटरचा धावपटू. हंगामापूर्वीच्या तपासणीत १० सेकंदांच्या ईसीजी पट्टीवर २ व्हीपीसी (खालच्या कप्प्यातून वेळेआधी उठलेले ठोके) दिसल्या. चक्कर नाही, धडधड नाही. घरात तरुणपणी अचानक गेलेलं कुणी नाही. काका, मामा, मावशी, आजोबा असं एकेक नातं घेऊन विचारलंय.

पुढच्या तपासण्या अशा. ३ चॅनेलचं २४ तासांचं होल्टर (अंगावर बांधून ठेवायचं ईसीजी मशीन): १,९०० व्हीपीसी, सगळ्या सुट्या, जोडी एकही नाही. ‘मशीन घामाने भिजेल’ म्हणून त्या दिवशी सराव करू दिला नव्हता. इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल, ईएफ (दर ठोक्याला डावा कप्पा बाहेर टाकतो तो रक्ताचा वाटा) ५८ टक्के. ट्रेडमिल ब्रूस प्रोटोकॉलने, १६९ ठोक्यांना ‘टार्गेट गाठलं’ म्हणून थांबवली, शेरा ‘निगेटिव्ह’. सर्टिफिकेटवर एकच शब्द: फिट.

१,९०० म्हणजे २,००० च्या आत, म्हणून निश्चिंत व्हायचं का? एवढ्या कागदांवर शर्यतीला सोडायचं का? आणि आणखी तपासण्या करायच्या तर तोवर सराव बंद ठेवायचा का?

विद्युतवाट

एवढ्यावर सोडू नका. आणि २,००० ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. तो पळालाच नाही त्या दिवसाचा हा हिशेब आहे. शिवाय व्हीपीसी मोजायच्या आधी नीट बघायच्या असतात. मिनिटाला सरासरी ६० ठोके धरले तर दिवसाचे ८६,४०० होतात, त्यात १,९०० म्हणजे जेमतेम सव्वादोन टक्के. पण हे दोन टक्के हृदयाच्या कुठल्या कोपऱ्यातून येतात, ते या आकड्यात कुठेच नाही.

ती १२ लीडची पट्टी फाइलमधून परत काढा आणि त्या दोन ठोक्यांचा आकार बघा (लीड म्हणजे हृदयाकडे बघायचा एकेक कोन; व्ही१, दोन, तीन, एव्हीएफ ही त्यांची नावं). व्ही१ मध्ये तोंड खाली आणि लीड दोन, तीन, एव्हीएफ मध्ये उंच वर, असं असेल तर ठोका बहुधा उजव्या कप्प्यातून फुप्फुसाकडे रक्त जातं त्या वाटेवरून, म्हणजे आउटफ्लो भागातून येतोय. खेळाडूंमध्ये हा प्रकार सर्रास दिसतो आणि हृदयाची बांधणी ठीक असेल तर सहसा त्रास देत नाही.

उलट व्ही१ मध्ये वर, क्यूआरएस (खालच्या कप्प्यांची टोकदार लहर) १३० मिलिसेकंदांहून रुंद आणि दोन-तीन-एव्हीएफ मध्ये खाली असेल तर मला डाव्या कप्प्याच्या मागच्या-बाहेरच्या भिंतीची शंका येते. तिथे जुन्या मायोकार्डायटिसचा (हृदयाच्या स्नायूच्या दाहाचा) व्रण भिंतीच्या बाहेरच्या थरात पातळ पट्टीसारखा राहून गेलेला असू शकतो. इकोला तो चकवतो. इको भिंत कशी हलते ते दाखवतो, आणि आतला थर शाबूत असला की भिंत छान हलते, ईएफही ५८ येतो. गॅडोलिनियम देऊन केलेल्या कार्डियाक एमआरआयमध्ये मात्र तीच पट्टी उजळून दिसते. (आकार तसाच, पण क्यूआरएस १३० च्या आत असेल तर ठोका बहुधा फॅसिकलमधून, म्हणजे हृदयाच्या विद्युतवाटेच्या फांदीतून येतो. मग एवढी काळजी नको.)

तिसरा आकार व्ही१ मध्येही खाली आणि दोन-तीन-एव्हीएफ मध्येही खाली. हा उजव्या कप्प्याच्या मोकळ्या भिंतीचा. सोबत व्ही१ ते व्ही३ मध्ये टी लहरी (ठोक्यानंतरच्या गोलसर लहरी) उलट्या असतील तर एआरव्हीसी (उजव्या कप्प्याच्या स्नायूचा आनुवंशिक आजार) मनात ठेवूनच पुढे जायचं. त्या आजारात अचानक मृत्यूचा धोका तर असतोच, पण जोरकस व्यायामाने आजार स्वतःच पुढे सरकतो. पेशींना एकमेकींशी बांधणारे सांधे मुळात कच्चे, त्यात उजव्या कप्प्यावर रोज ताण. त्यामुळे ‘शॉक देणारा डिफिब्रिलेटर बसवला, आता पळू दे’ हे उत्तर तिथे लागू पडत नाही.

३ चॅनेलच्या होल्टरवर यातला कुठलाच फरक कळत नाही. १२ चॅनेलचं लावा आणि त्यातच इंटरव्हल सराव (जोराचे तुकडे, मध्ये विश्रांती) करून घ्या. घामाने एखादा इलेक्ट्रोड सुटला तर सुटू दे, उरलेल्यांवर काम चालतं.

सरावाबद्दल: लक्षणं नाहीत, ठोके सुटे आहेत. बोलता बोलता धावता येईल इतक्या वेगाचा सराव चालू राहू द्या, पण कुणीतरी सोबत हवं. इंटरव्हल, टाइम ट्रायल आणि शर्यत मात्र ट्रेडमिल नीट होईपर्यंत नको. होल्टरमधला तो एक इंटरव्हल सराव ट्रेडमिलनंतरच लावा.

लीड_टू

ट्रेडमिलबद्दल सांगतो, कारण निम्मी गडबड तिथेच होते.

२२० वजा वय म्हणजे १९९, त्याचे ८५ टक्के १६९. हा आकडा हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधला अडथळा शोधण्याच्या टेस्टसाठी रुळलेला आहे. मुळात २२० वजा वय हा अंदाज आहे, माणसागणिक १०-१२ ठोके सहज इकडेतिकडे होतात. तुमचा धावपटू शेवटच्या २०० मीटरला १९० च्या वर असणार. ज्या २०-२५ ठोक्यांच्या पट्ट्यात तो स्पर्धा करतो, तो पट्टा तपासलाच गेला नाही.

ब्रूसचा आणखी एक तोटा म्हणजे दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ वाढत जातो. हृदय हळूहळू तापतं. मैदानात तसं होत नाही, बंदूक वाजली की सुसाट. काही अरिदमिया (ठोक्यांच्या बिघडलेल्या लयी) अशा अचानक धक्क्यालाच उठतात. म्हणून दोन भागांत करा: आधी पाय उचलेना होईपर्यंतची टेस्ट, आणि ती स्वच्छ आली तर विश्रांतीनंतर थोडा वॉर्मअप देऊन एकदम स्प्रिंट.

रिकव्हरी किमान ६ मिनिटं रेकॉर्ड करा, शक्यतो १०. बरेच जण पट्टा थांबला की वायरी काढायला लागतात. अ‍ॅड्रेनलिन अजून रक्तात आहे, हृदय मंद करणारी व्हेगस नस परत जोर धरतेय, ठोक्यांचा वेग पडतोय. गडबड व्हायची ती पहिल्या तीन-चार मिनिटांत होते. व्हीपीसी जोराला गायब होऊन रिकव्हरीत परत आल्या तर ते बरं चिन्ह. जोर वाढेल तशा वाढत गेल्या, जोड्या-तिकड्या झाल्या, किंवा आकार दोन-तीन प्रकारचे दिसले तर तिथेच थांबवायचं. एकाआड एक ठोक्याची दिशा उलटत असेल (बायडायरेक्शनल) तर सीपीव्हीटी, म्हणजे जोराने किंवा भावनेने उठणारा लयीचा आनुवंशिक आजार. त्यात विश्रांतीचा ईसीजी आणि इको दोन्ही अगदी नॉर्मल असतात, तो सापडतो तो इथेच.

आता बारीक पण महत्त्वाचं. इलेक्ट्रोडच्या जागेवरचे केस काढा, स्पिरिटने पुसा, वाळू द्या, मग खरखरीत पॅडने दोन-तीन वेळा हलकंच घासा. घाई केलीत तर १८० च्या वर बेसलाइन नाचते आणि कॉम्प्युटर पाऊल आपटल्याच्या धक्क्याला व्हीपीसी म्हणून मोजतो. दुसरं म्हणजे ट्रेडमिलसाठी हातापायाचे इलेक्ट्रोड धडावर लावतात, त्याने अ‍ॅक्सिस (विद्युतप्रवाहाची एकूण दिशा) उजवीकडे सरकतो. विश्रांतीचा ईसीजी म्हणून तीच पट्टी फाइलला लावू नका. तिसरं, ४० हर्ट्झचा फिल्टर. पट्टी देखणी दिसते, पण डेल्टा लहरीची (जादा विद्युतवाटेच्या खुणेची) सुरुवात किंवा एआरव्हीसीतल्या एप्सिलॉनसारखी बारीक खूण त्यात पुसली जाऊ शकते. फिल्टर १५० वर ठेवा.

मैदानी_डॉक्टर

विद्युतवाट यांच्याशी बहुतांशी सहमत, पण मंचावर वाचणाऱ्यांनी यातून ‘व्हीपीसी दिसली की एमआरआय’ असं सूत्र काढू नये. आउटफ्लोचा ठरावीक आकार, एकच आकार, जोर वाढल्यावर गायब, बाकी ईसीजी स्वच्छ, इको चांगला, घरचा इतिहास कोरा: इथे एमआरआयने बहुतेक वेळा गोंधळच वाढतो. वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचा सराव केलेल्यांमध्ये दोन कप्प्यांच्या मधली भिंत उजव्या कप्प्याला जिथे जोडली जाते, तिथे छोटासा उजळ ठिपका दिसतो. त्याला सहसा अर्थ नसतो, पण रिपोर्टमध्ये ‘फायब्रोसिस’ शब्द आला की क्लब घाबरतो आणि पोराचा हंगाम जातो. एमआरआय करायचाच तर खेळाडूंची हृदयं रोज बघणाऱ्याकडून वाचून घ्या.

‘तीन महिने सराव बंद करून बघू’ हा सल्लाही सैल हाताने दिला जातो. विश्रांतीने व्हीपीसी कमी झाल्या म्हणजे हृदय निर्दोष आहे, असं ठरत नाही. आजारी हृदयातल्याही कमी होतात.

आणि ईसीजीवर जे खेळाडूचं नेहमीचं असतं त्याला आजार म्हणू नका. विश्रांतीत ४० ठोके, पीआर (वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात विद्युत पोहोचायचा वेळ) २४० मिलिसेकंद, झोपेत व्हेंकेबाख (हा वेळ वाढत जाऊन एखादा ठोका गळणं): ही सरावाची कमाई आहे. चार जिने भरभर चढवा, पीआर आखडतो आणि व्हेंकेबाख जातं. जात नसेल, किंवा मोबिट्झ टू (पीआर न वाढता एकदम ठोका गळणं), पूर्ण ब्लॉक, ३० च्या खालचा वेग, जागेपणी ३ सेकंदांचा खंड असं काही असेल तर तो वेगळा विषय.

चक्कर येऊन पडलेल्या खेळाडूला मात्र पहिला प्रश्न एकच: पडलास तो पळताना की पळून झाल्यावर? शर्यत संपवून उभा राहिला आणि कोसळला, तर बहुधा पायांत साठलेलं रक्त वर आलं नाही. पोटरीचे पंप थांबले, बस. ऐन वेगात, काही न जाणवता, हात पुढे न टेकता तोंडावर आपटला, तर सगळ्या तपासण्या होईपर्यंत मैदान बंद. शेजारी धावणाऱ्याला विचारा, पडणाऱ्याला काही आठवत नसतं.

विद्युतवाट

ठिपक्याबद्दल मान्य. म्हणूनच आधी आकार, मग पूर्ण जोराची ट्रेडमिल, आणि मग एमआरआयचा विचार. या धावपटूच्या दोन्ही व्हीपीसी आउटफ्लोच्या निघाल्या, १९० च्या वर पळवल्यावर गायब झाल्या आणि १२ चॅनेलच्या होल्टरवर तेच चित्र आलं, तर शर्यतीवर बंधन नको. वर्षातून एकदा होल्टर आणि इको पुरे. पुढे कधी एकूण ठोक्यांच्या १० टक्क्यांवर गेल्या किंवा ईएफ घसरायला लागला तर अ‍ॅब्लेशनचं (ठोके उठतात तो बिंदू जाळण्याचं) बोलू.

याच फेऱ्यात एक चूक नेहमी होते, ती सांगून ठेवतो. डब्ल्यूपीडब्ल्यूमध्ये (वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये जन्मजात जादा विद्युतवाट असते तो आजार) ट्रेडमिलवर डेल्टा लहर नाहीशी झाली की ‘जादा वाट कमकुवत आहे’ असं लिहून मोकळे होतात. नाहीशी झाली कशी, ते बघा. एका ठोक्याला होती आणि पुढच्याला एकदम नाही, पीआर झटक्यात लांबला: ही दिलासा देणारी गोष्ट. पण हळूहळू लहान होत विरली असेल तर त्याला किंमत नाही. अ‍ॅड्रेनलिनने एव्ही नोडच (नेहमीच्या वाटेवरचं नाकं) इतका वेगवान झाला की डेल्टा त्यात झाकला गेला, वाट तिथेच आहे. अशा वेळी इलेक्ट्रोफिजिऑलॉजी स्टडी (हृदयात वायरी घालून केलेली तपासणी) करून एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची बेताल थरथर) मुद्दाम उठवतात आणि जादा वाटेने आलेल्या दोन ठोक्यांमधलं सर्वांत कमी अंतर मोजतात. २५० मिलिसेकंद किंवा त्याहून कमी म्हणजे मिनिटाला २४० किंवा त्याहून जास्त ठोके त्या वाटेने खालच्या कप्प्यात उतरू शकतात, आणि त्यातून फिब्रिलेशन खालच्या कप्प्यात जायला वेळ लागत नाही. स्पर्धा खेळणाऱ्याची अशी वाट जाळून टाकणंच श्रेयस्कर.

धावपट्टी_फिजिओ

पट्टी पाहिली. व्ही१ मध्ये खाली, दोन-तीन-एव्हीएफ मध्ये उंच. दोन्ही ठोके सारखेच. ट्रेडमिल पूर्ण जोराची परत लावतोय, होल्टर १२ चॅनेलचं.

त्याच तपासणीतली दुसरी फाइल: १६ वर्षांची जलतरणपटू, मशीनने छापलेला क्यूटीसी (ठोक्यानंतर खालच्या कप्प्यांची विद्युत पूर्ववत व्हायचा वेळ, नाडीनुसार सुधारलेला, मिलिसेकंदांत) ४८८. नाडी त्या वेळी ९६. मुलगी घाबरलेली होती. लक्षणं नाहीत. तिचं पाण्यात उतरणं आजच बंद केलंय. जास्त झालं का?

लीड_टू

पाणी बंद केलंत ते योग्य. ४८८ वर मात्र इतक्यात विश्वास ठेवू नका.

बॅझेटचं सूत्र क्यूटीला आरआरच्या (दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या) वर्गमुळाने भागतं. ९६ नाडीला आरआर ०.६२५ सेकंद, वर्गमूळ ०.७९. म्हणजे मशीनने प्रत्यक्ष मोजलेला क्यूटी साधारण ३८६ आहे, बाकीचं सूत्राने फुगवलंय. तोच ३८६ फ्रिडरिशियाच्या सूत्रातल्या घनमुळाने काढला तर ४५१ येतो. वेगवान नाडीला बॅझेट जास्त दाखवतो, ५० च्या खाली कमी दाखवतो. दुसरी बाजू जास्त धोक्याची, कारण खेळाडूंची नाडी तिथेच असते आणि खरा लांब क्यूटी झाकला जातो.

तिला १५ मिनिटं निजवा, गप्पा मारा, नाडी ६० ते ९० मध्ये आली की परत काढा. समजा ६६ ला क्यूटी ४२० आला: आरआर ०.९०९, वर्गमूळ ०.९५३, क्यूटीसी ४४१. हाताने मोजा, लीड दोन किंवा व्ही५ मध्ये. टी लहरीच्या उतरणीवर जिथे उतार सगळ्यांत तीव्र आहे तिथे पट्टी टेकवून स्पर्शरेषा ओढा, ती बेसलाइनला छेदते तिथे क्यूटी संपला. मागची छोटी यू लहर धरायची नाही. श्वासाबरोबर नाडी वरखाली होत असेल तर १० ठोक्यांची सरासरी घ्या. लांब खंडानंतरचा एकच ठोका निवडला की आकडा हवा तसा येतो.

खेळाडूंसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत मुलींना ४८० आणि मुलांना ४७० पासून पुढे तपास लागतो. ५०० च्या वर असेल तर वाद घालायचा नाही.

विद्युतवाट

हाताने मोजून ४४१ आला तरी एक ट्रेडमिल करा आणि रिकव्हरीच्या चौथ्या मिनिटाला क्यूटीसी बघा. तिथे ४८० किंवा वर गेला तर लाँग क्यूटीच्या (क्यूटी लांबतो त्या आनुवंशिक आजाराच्या) गुणांकनात तो धरला जातो. आई-वडिलांचे आणि भावंडांचे ईसीजी काढा. घरात कुणाला ‘फिट्स’ येतात का, चांगलं पोहणारं कुणी बुडालंय का, हे विचारा. पहिल्या प्रकाराच्या लाँग क्यूटीला पोहणं हे ओळखीचं निमित्त आहे. आणि पाण्यात एरवी आपोआप थांबणारी अरिदमियाही जीव घेते, कारण तिथे दहा सेकंद शुद्ध हरपली तरी माणूस बुडतो.

निदान पक्कं झालं तरी खेळ संपलाच असं आता कुणी म्हणत नाही. २०१५ च्या अमेरिकन शिफारशींत उपचार चालू, किमान ३ महिने लक्षणं नाहीत, अशा लाँग क्यूटी खेळाडूला अटींवर स्पर्धेचा विचार करता येतो, असं आलं. पण पहिल्या प्रकारात आधी लक्षणं येऊन गेलेल्यांसाठी पोहण्याची स्पर्धा त्यातून वगळलेली होती. युरोपच्या २०२० च्या शिफारशी जास्त कडक आहेत.

गोळी नॅडोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल (या बीटा ब्लॉकर, अ‍ॅड्रेनलिनचा जोर आवरणाऱ्या); दुसरी कुठलीही बीटा ब्लॉकर तेवढीच चालते असं धरू नका. गोळीचा परिणाम ट्रेडमिलवर बघताना गोळी चालू ठेवायची, निदानाच्या ट्रेडमिलआधी मात्र नसावी. नेमबाजी आणि तिरंदाजीत बीटा ब्लॉकर उत्तेजक चाचणीत बंदी असलेलं औषध आहे, स्पर्धेबाहेरही. तिथे उपचारासाठी सूट मागावी लागते. पोहण्यात ती अडचण नाही.

घरच्यांना क्यूटी लांबवणाऱ्या, म्हणजे टाळायच्या औषधांची यादी हातात द्या. अ‍ॅझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, फ्लुकोनॅझोल, ऑनडॅनसेट्रॉन, डॉम्पेरिडोन. उलट्या-जुलाबांत पोटॅशियम आधीच खाली गेलेलं असतं आणि नेमकी तेव्हाच उलटी थांबवायची गोळी दिली जाते.

कट्ट्यावरचा

आयसीडी (छातीत बसवलेला डिफिब्रिलेटर) असेल तर खेळू देतात का? डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन सामन्यात हृदय थांबून कोसळला, तरी परत खेळला ना.

विद्युतवाट

खेळला, आणि कुठे खेळला ते बघा. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये कोसळला, आयसीडी बसवला. इटलीच्या नियमांत तो उपकरणासह लीग खेळू शकत नव्हता, इंटर मिलान क्लबशी करार संपला आणि जानेवारी २०२२ मध्ये तो इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डकडे गेला. हृदय तेच, नियम दुसरे.

आयसीडी घेऊन खेळणाऱ्यांच्या नोंदवहीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. ३७२ खेळाडू. शॉक बसले, खेळतानाही बसले, पण खेळताना मृत्यू एकही नाही. तरी त्या आकड्यांवर सगळे आजार एका मापाने मोजता येत नाहीत. वर एआरव्हीसीबद्दल लिहिलंय तेच.

उपकरणाची मांडणी खेळाडूप्रमाणे करावी लागते. ट्रेडमिलवर त्याची सायनस (नैसर्गिक लयीची) नाडी १९२ पर्यंत जात असेल आणि शॉकची सीमा १८५ वर असेल, तर शेवटच्या वळणावर शुद्धीत असताना शॉक बसेल. सीमा जास्तीत जास्त नाडीच्या १० ते २० ठोके वर हवी. खांदा सतत डोक्यावर फिरवणाऱ्या खेळांत वायर कॉलरबोनखाली घासून तुटू शकते. आणि क्षणभर शुद्ध गेली तरी जीव जाईल असे खेळ (पोहणं, गिर्यारोहण, घोळक्यातली सायकल शर्यत) वेगळ्या हिशेबाने घ्यायचे, उपकरण कितीही चांगलं असो.

मैदानी_डॉक्टर

धावपट्टी, सर्टिफिकेटवर ‘फिट’ एवढंच नको. खेळ आणि प्रकार लिहा (८०० मीटर, ट्रॅक), ट्रेडमिलवर गाठलेली कमाल नाडी लिहा, मुदत लिहा, आणि कशामुळे ते आपोआप रद्द होईल तेही लिहा: पळताना चक्कर, नवी धडधड, ताप येऊन गेल्यावर छातीत दुखणं. ताप अंगात असताना सराव नाही, ही ओळ सगळ्यांच्याच सर्टिफिकेटवर चालेल.

एईडी (मैदानावर ठेवायचं, बाहेरून शॉक देणारं मशीन) कपाटात कुलूपबंद असेल तर नसल्यात जमा. ट्रॅकच्या सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात बाहुली ठेवा, घड्याळ लावा, आणि कुणालाही आधी न सांगता हाक द्या. पडल्यापासून पॅड चिकटून शॉक बसेपर्यंत ३ मिनिटांच्या आत यायला हवं. बघणाऱ्यांना हेही दाखवून ठेवा की हृदय थांबल्यावर पहिल्या काही सेकंदांत हातपाय झटके देतात आणि तोंडाने घुसमटल्यासारखे श्वास येतात. लोक त्याला फिट (आकडी) समजतात, कांदा शोधायला पळतात आणि छाती दाबायची राहून जाते.

धावपट्टी_फिजिओ

कुलूप आहे. किल्ली ऑफिसात, ऑफिस पाचला बंद, सराव साडेपाचला. उद्या कुलूप काढतो, मग बाहुली. ट्रेडमिलची पट्टी आली की रिकव्हरीच्या दहाही मिनिटांसकट इथे टाकतो.